'महावतार नरसिंह' दुसऱ्या आठवड्यात का वाढला? कमाई, घरची माणसं आणि आपली कोकणातली थिएटरं

तिकीटघर

'महावतार नरसिंह' हा अ‍ॅनिमेशनपट थिएटरांतून उतरून बरेच दिवस झाले. आता तो घरोघरी मोबाईलवरही बघून झालाय. तरी त्याच्या कमाईवर इथे धड चर्चा झालेली नाही. "देवाचा पिक्चर होता, चालणारच" असं म्हणून लोक विषय गुंडाळतात. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी एकपडदा थिएटरचं बुकिंग आणि हिशेब बघतो, रोजचा डीसीआर, म्हणजे दिवसाच्या तिकीटविक्रीचा तक्ता, मीच भरतो. मला हे उत्तर अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी आकडे. चित्रपट २५ जुलै २०२५ ला लागला. दिग्दर्शक अश्विन कुमार, निर्मिती क्लीम प्रॉडक्शन्सची, सादरकर्ते होंबाळे फिल्म्स. पहिल्या दिवशी देशभरात सगळ्या भाषा मिळून निव्वळ (कर वजा जाता) कमाई पावणेदोन कोटींच्या आसपास. शनिवारी साडेचार कोटींच्या पुढे, रविवारी साडेनऊच्या घरात. पहिला आठवडा साधारण ४५ कोटी. आणि दुसरा आठवडा? ७३ कोटी! शेवटी देशातली निव्वळ कमाई २५० कोटींच्या घरात गेली, जगभरातली ग्रॉस (करासकट) ३०० कोटी ओलांडून. भारतात बनलेला दुसरा कुठलाही अ‍ॅनिमेशनपट याच्या जवळपास नाही. आपल्याकडे कमाईची सरकारी नोंद होत नाही, हे सगळे ट्रेडवाल्यांचे अंदाज असतात, तेव्हा थोडं इकडेतिकडे धरून चाला. चित्र बदलत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पिक्चर निम्म्यावर आला तरी वितरक खूश असतो, हे या धंद्यातलं रोजचं गणित. इथे दुसरा आठवडा पहिल्याच्या दीडपटीहून जास्त. तेही कधी, तर 'सैयारा' आदल्याच शुक्रवारपासून तरुण पोरांना खेचत असताना, 'नरसिंह'च्याच शुक्रवारी 'फँटास्टिक फोर' लागलेला असताना, आणि १ ऑगस्टला आणखी दोन हिंदी पिक्चर येऊन पडदे वाटले गेलेले असताना. यात एकही नट नव्हता ज्याचं तोंड बघायला लोक येतील. टीव्हीवर नटांच्या मुलाखती नाहीत.

म्हणजे पिक्चर लोकांनी एकमेकांना सांगून चालवला. माझा सगळा मुद्दा इथे आहे. अख्ख्या कुटुंबाने बघायच्या पिक्चरचा निकाल पहिल्या शुक्रवारी लागत नाही, तो दुसऱ्या रविवारी लागतो. आणि आपल्या कोकणात तर निरोप पोचायलाच वेळ लागतो. वाडीतला एक जण तालुक्याला येऊन बघून जातो, मग शेजारी, मग त्यांची बहीण. तोपर्यंत शुक्रवार उजाडतो आणि पिक्चर पडद्यावरून उतरतो.

आमच्याकडे पहिल्या शुक्रवारी दुपारी बाराचा एकच खेळ दिला होता, हातावर मोजण्याइतकी माणसं होती. सोमवारी वितरकाच्या माणसाचा फोन, ठेवायचा की काढायचा? मालकांना मी म्हटलं, रविवारी आलेल्यांत एकटा माणूस एक नव्हता, सगळी चार-पाच तिकिटं घेणारी होती, अजून एक रविवार बघू. दुसऱ्या रविवारी खिडकीसमोर ओल्या छत्र्यांची नुसती दाटी. नऊवारीतल्या आजीबाई पुढे, मागे सून, मागे रेनकोटातली पोरं. एका आजींनी खिडकीच्या जाळीत तोंड घालून विचारलं, "प्रल्हादाचाच ना रे हा? खांबातून येतो तो?" हो म्हटल्यावर कनवटीची नोट काढून सहा तिकिटं घेतली. त्या आजी याआधी आमच्या थिएटरात कधी आल्या असतील असं मला वाटत नाही. नातवंडांनी त्यांना आणलं की त्यांनी नातवंडांना, सांगणं कठीण आहे.

आता वेळ कशी जुळली बघा. २५ जुलै म्हणजे श्रावणाचा पहिला दिवस. भाताची लावणी उरकलेली, होड्या किनाऱ्यावर झापांखाली, गणपतीची धावपळ सुरू व्हायला अजून अवकाश. घरात मांसाहार बंद, पाऊस बाहेर पडू देत नाही, पोरं कंटाळलेली. आपल्याकडे वर्षात एवढा मोकळा महिना दुसरा नसतो. आणि नेमका हाच महिना आमच्या धंद्यात "पावसाळा, मंदी" म्हणून सोडून दिला जातो, मोठे पिक्चर १५ ऑगस्टसाठी राखून ठेवतात.

दुसरी गोष्ट खेळाच्या वेळेची. शहरात रात्री साडेनवाचा खेळ चालतो. इथे संध्याकाळी सहा-साडेसहाला गावाकडची एसटी सुटली की माणूस तालुक्याला अडकला. त्यामुळे बाराचा किंवा तीनचा खेळ, तोही गाडीच्या आधी सुटणारा, एवढाच आपल्या कुटुंबाचा खेळ. याच वेळा मोठ्या नटाच्या पिक्चरला द्यायच्या आणि लहान मुलांचा पिक्चर रात्री लावायचा, वर "प्रेक्षक नाही" म्हणायचं, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. फार वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट, हिशेब. मल्टिप्लेक्सचं उदाहरण घेतो कारण तिथे दर ठरलेले आहेत. २००९ च्या संपानंतर निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात ठरलं ते असं: कर वजा जाता पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. आता २०० रुपयांचं तिकीट घ्या, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे गिऱ्हाईक देतं २३६. त्या दोनशेतले थिएटरला पहिल्या आठवड्यात १००, दुसऱ्यात ११५, तिसऱ्यात १२५, चौथ्यात १४०. म्हणजे पिक्चर जितका जुना होतो तितकं प्रत्येक तिकीट थिएटरला जास्त देतं! मग हळूहळू वाढणारा पिक्चर थिएटरवाल्याने जपायला नको का? एकपडद्याचे करार वेगळे असतात, कुठे टक्केवारी, कुठे ठरावीक भाडं, कुठे मिनिमम गॅरंटी (पिक्चर चालो न चालो, वितरकाला ठरलेली किमान रक्कम). पण कल तोच.

आणि देवाचा होता म्हणून चालला असं म्हणणाऱ्यांना: २००५ साली व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान' चालला, त्यानंतर देवादिकांवरचे अ‍ॅनिमेशनपट रांगेने आले. त्यातले थिएटरात किती आठवतात तुम्हाला? देवाच्या नावाने पहिला माणूस येतो, मान्य. दुसऱ्याला आणणं पिक्चरच्याच हातात असतं.

तुमच्या तालुक्यात काय झालं ते लिहा. लागला का, किती दिवस, कुठल्या वेळेला?

सुरंगी

दादा, छान लिहिलंत. मी वेंगुर्ल्याकडची. आम्ही हा पिक्चर गोव्यात जाऊन बघितला, मुलगी सातवीत आणि मुलगा पहिलीत.

एसटीचं लिहिलंत ते वाचून अगदी पटलं. लोक म्हणतात तिकिटं महाग म्हणून कुटुंबं येत नाहीत. आमच्या घरचा हिशेब सांगते: चार तिकिटांपेक्षा गाडीचं पेट्रोल आणि बाहेरचं जेवण जास्त झालं. त्यात बहुतेक मल्टिप्लेक्सना तीन वर्षांवरच्या मुलाला पूर्ण तिकीट लागतं, मांडीवर बसवायची सोय नाही. एवढा खर्च करायचा तर आधी खात्री हवी की पोरं मध्येच "घरी चल" म्हणणार नाहीत. म्हणून आम्ही पहिल्या आठवड्यात जातच नाही. जाऊबाई बघून येतात, त्या फोन करतात, मग आम्ही ठरवतो. आमच्यासारख्या बायकांच्या फोनवरच तुमचा दुसरा रविवार उभा असतो.

एक मात्र लिहिते, लहान मुलांच्या आयांनी लक्षात ठेवावं. पिक्चर नाजूक नाही. वराह आणि हिरण्याक्षाची लढाई, नंतर शेवटी हिरण्यकश्यपूचा वध, हे पडद्यावर मोठ्या आवाजात अंगावर येतं. मुलाने माझ्या ओढणीत डोकं खुपसलं ते प्रल्हाद परत दिसेपर्यंत बाहेर काढलं नाही. मुलीला मात्र तोच भाग सगळ्यात आवडला. घरी येताना दोघांचं भांडण, देवाने इतकं रागवायचं का. बांद्यापर्यंत तोच विषय. मला आवडलं ते भांडण.

चाकरमानी

तिकीटघर, मूळ गाव राजापूर तालुक्यात, राहतो डोंबिवलीला. गणपतीला गावी आलो तेव्हा, म्हणजे २७ ऑगस्टच्या आसपास, पिक्चरचा पाचवा आठवडा चालू होता. मुंबई-ठाण्यात अजून खेळ होते, शनिवार-रविवार बरी गर्दी होती. गावाजवळच्या थिएटरात चौकशी केली तर तो केव्हाच उतरवलेला.

हे मला समजत नाही. गणपतीत गावातली माणसं दुप्पट-तिप्पट होतात. दीड दिवसाचा गणपती गेला की पोरं रिकामी, भाऊ-वहिन्या-चुलते सगळे एका घरात. गौरी-विसर्जनानंतर तर नुसता आराम. त्या आठवड्यात एकेका घरातून दहा-पंधरा तिकिटं गेली असती. आणि पडद्यावर होतं काय, तर १४ ऑगस्टला आलेले 'वॉर २' आणि 'कुली', जे आम्ही मुंबईत बघून आलो होतो.

दुसरं म्हणजे नेटफ्लिक्सवर तो १९ सप्टेंबरला आला. मोजून बघा, २५ जुलैपासून बरोबर आठ आठवडे. हिंदी पिक्चरला मल्टिप्लेक्सवाले आठ आठवड्यांची अट घालतात ती इथे पाळली गेली. चार आठवड्यांत मोबाईलवर आला असता तर तुमचा तिसरा-चौथा आठवडा झालाच नसता. "थांब रे, महिन्यात घरी बघू" म्हणणारे बाप घरोघरी आहेत, मीही त्यातलाच.

होडीवाला

माका ह्ये कोटीचे आकडे कळणत नाय, पण एक सांगतंय. आमच्या वाडीतली म्हातारी माणसां, जी कधी टॉकीजची पायरी चढली नाय, ती ह्या पिक्चराक गेली. कित्या? प्रल्हादाचो खेळ तेंका पाठ आसा. जत्रेत रात्रभर दशावतार बघतत. हिरण्यकश्यपू गर्जत इलो की पोरां आवशीच्या पदरात तोंड लपवतत, आणि नरसिंह भायर पडता तेवा निजलेलो माणूस पण उठान बसता. तोच खेळ पडद्यार इलो.

पण भाशा हिंदी. आमची आजी मदी मदी इचारी, "काय म्हणता गो तो?" आणि चेडू तिका कानात सांगी. मराठीत आसतो तर म्हातारी परत एकदा गेली आसती, आणि शेजारणींका पण घेवन गेली आसती.

होडयेचा बोललास ता बराबर. नारळी पुनवेक दर्याक नारळ दिलो की आमी कामाक लागतंव. मगे टॉकीजीत बसाक येळ कोणाक?

हिशेबनीस

चर्चा चांगली चाललीय, पण दोन गोष्टींवर माझं मत वेगळं आहे.

एक. २५० कोटी निव्वळ म्हणजे निर्मात्याच्या खिशात २५० कोटी नव्हेत. तिकीटघर यांनी दिलेला मल्टिप्लेक्सचा दर सगळीकडे लावून बघितला तर पहिल्या आठवड्याच्या ४५ कोटींतले साडेबावीस, दुसऱ्याच्या ७३ मधले ३१ आणि उरलेल्या १३० कोटींतले पंचेचाळीसच्या आसपास वितरकाकडे येतात. बेरीज शंभर कोटींच्या जवळ. बाकी दीडशे थिएटरांकडे. म्हणजे उशिरा वाढणाऱ्या पिक्चरमध्ये थिएटरचा वाटा फार मोठा होतो. तिकीटघर यांचा मुद्दा मी उलट आणखी पक्का करतोय: अशा पिक्चरचा खरा लाभार्थी थिएटरवालाच, आणि तोच त्याला आधी उतरवतो.

दोन. यात कोकणाचा हात किती? मोठा वाटा हिंदी आवृत्तीचा. आपल्या दोन-तीन जिल्ह्यांनी पिक्चर पूर्ण उचलला असता तरी अडीचशे कोटींच्या आकड्यात फरक दिसला नसता. त्यामुळे निर्माता तुमच्या एसटीचं वेळापत्रक बघणार नाही. हे कामच स्थानिक मालकांचं आहे.

बाहेरचं एक उदाहरण देतो, ते या धाग्याला फार जवळचं आहे. २०२३ मध्ये पिक्सार या अमेरिकी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा 'एलिमेंटल' आला. खर्च सुमारे २० कोटी डॉलर, आणि अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत आले २.९६ कोटी डॉलर. सोमवारी सगळीकडे "पिक्सार संपलं" अशा बातम्या. पण आठवडेच्या आठवडे तो हलला नाही, तिथे पहिल्या तीन दिवसांच्या पाचपट झाला, आणि जगभरात जवळपास ५० कोटी डॉलरवर थांबला. थिएटरांनी पहिल्या सोमवारच्या बातम्या मनावर घेतल्या असत्या तर?

उलट बाजूचं उदाहरण जपानी 'डिमन स्लेअर'. २०२५ च्या सप्टेंबरात, १२ तारखेला आपल्याकडे लागला आणि पहिल्याच दिवशी दहा कोटींच्या वर गेला. तोही अ‍ॅनिमेशन, पण ती गर्दी आधीपासून वाट बघत असलेल्या पोरांची, पहाटेच्या खेळालाही येणारी. तिथे सगळं सुरुवातीलाच गोळा होतं. तेव्हा "अ‍ॅनिमेशन" हा एकच खण धरून खेळ वाटणं चूक आहे. कोण येणार ते आधी बघावं, चित्र कसं काढलंय ते नंतर.

तिकीटघर

@हिशेबनीस, शेवटचा परिच्छेद लाखमोलाचा. आमच्याकडे बुकिंगच्या वहीत "कार्टून" असं एकच लिहितात आणि त्याला दुपारचा एक खेळ देऊन मोकळे होतात.

कोकणाचा आकडा लहान, हे खरंच. पण मी निर्मात्याच्या बाजूने बोलत नाहीये. आमच्यासारख्या एकपडद्याला वर्षात असे दोन-तीन पिक्चर मिळाले तर दिवाबत्ती आणि पगार निघतात. २५० कोटींत आमचं थेंबभर असेल, आमच्या श्रावणाच्या गल्ल्यात ते जवळजवळ सगळं होतं. आणि थिएटर बंद पडलं की परत उघडत नाही हो. तिथे मंगल कार्यालय होतं किंवा बिल्डिंग.

@चाकरमानी, गणपतीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटलं. अडचण अशी की १४ ऑगस्टच्या मोठ्या पिक्चरबरोबर अट येते, इतके खेळ द्याच. ती मान्य केली नाही तर पिक्चरच मिळत नाही. एक पडदा, चार खेळ, त्यातले तीन-चार गेले की बाकीच्याला जागा कुठली? तरी दुपारचा बाराचा खेळ भांडून राखता येतो. आम्ही राखला.

@सुरंगी ताई, घाबरणाऱ्या मुलांचं तुम्ही लिहिलंत ते मी तिकीट देताना सांगायचो. पहिल्या रांगेतली जागा लहान पोरांना देऊ नये, मागे बसवावं, आवाजही जरा कमी लागतो.

फ्रेमदरफ्रेम

मूळचा कुडाळचा, पुण्यात अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो. बनवणाऱ्यांच्या बाजूने थोडं.

सेकंदाला २४ फ्रेम. दोन तासांच्या पिक्चरला १,७२,८०० फ्रेम होतात. थ्रीडीत प्रत्येक फ्रेमचा उजेड, सावली, केस, कापड, पाणी हे सगळं संगणकाकडून मोजून घ्यावं लागतं, त्याला आम्ही रेंडर म्हणतो. एक फ्रेम बिघडली तर तो शॉट परत. नटाचं मानधन वाचतं हे खरं, पण माणसांचा वेळ वाचत नाही, शेकडो जण वर्षानुवर्षं पगारावर लागतात. म्हणून अशा पिक्चरला पहिल्या सोमवारी उतरवलं की आमच्या पोटात गोळा येतो. लाइव्ह पिक्चर पडला तर नट पुढच्या पिक्चरला जातो, इथे अख्खा स्टुडिओ बंद होतो.

तांत्रिकदृष्ट्या 'नरसिंह' अगदी वरच्या दर्जाचा आहे असं मी म्हणणार नाही. काही चेहरे लाकडी वाटतात, गर्दीच्या दृश्यांत हालचाल सारखीच दिसते. पण खांब फुटल्यानंतरचा भाग ज्या ताकदीने रचलाय, कॅमेरा कुठे थांबवायचा हे ज्याला कळलंय, त्याला सलाम. पैसे त्यांनी योग्य जागी खर्च केलेत. सगळीकडे थोडं थोडं करण्यापेक्षा लोक ज्यासाठी आलेत तो प्रसंग उभा केला.

आणि कमी पैशात काय होतं ते बघायचं तर लाटवियाचा 'फ्लो' बघा. पस्तीस लाख युरोच्या आसपास खर्च, ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एकही संवाद नाही, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर. लाटवियाची लोकसंख्या वीस लाखांहून कमी, म्हणजे आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या एकत्र लोकसंख्येहूनही कमी. हे वाचून कुडाळातल्या एखाद्या पोराने रात्री ब्लेंडर उघडलं तर मला फार आनंद होईल. मदत लागली तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.

मराठीत प्रयत्न झालेत. 'प्रभो शिवाजी राजा' २०१८ मध्ये आला होता. तो किती जणांना थिएटरात बघायला मिळाला?

सुरंगी

आमच्याकडे नाही लागला. नावही आत्ता कळतंय.

हिशेबनीस

भाषेचा विषय निघालाय म्हणून. या घडीला जगात सगळ्यात जास्त कमावलेला अ‍ॅनिमेशनपट हॉलिवूडचा नाही, चीनचा आहे, 'न झा २'. २९ जानेवारी २०२५ ला, त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीत लागला आणि २०० कोटी डॉलरच्या पुढे गेला, जवळजवळ सगळे पैसे चीनमधूनच. त्यांची स्वतःची पुराणकथा, स्वतःची भाषा, स्वतःचा सण. अख्खी घरं एकत्र गेली. 'नरसिंह'ची जात तीच आहे. फक्त आपल्या आज्यांना तो शेजारच्या भाषेत बघावा लागला.

होडीवाला

आता पुढचो परशुराम येतलो म्हणतत. खरां काय?

तिकीटघर

हो. त्यांनी सात भागांची मालिका जाहीर केलीय, २०३७ पर्यंतची. त्यात 'महावतार परशुराम' २०२७ साठी जाहीर आहे.

आता यावर मी जरा तळमळीने लिहिणार आहे. परशुरामाने समुद्र मागे हटवून ही भूमी काढली, ही कथा आपल्याकडे पोरांना चालायला लागल्यापासून सांगतात. चिपळूणजवळ डोंगरावर देऊळ आहे, महामार्गाने जाणारा माणूस हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. तो पिक्चर कोकणात मराठीतून लागला नाही तर आम्हा थिएटरवाल्यांचीच चूक असेल, कारण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मराठी डबिंग करायला अ‍ॅनिमेशनमध्ये लाइव्ह पिक्चरपेक्षा कमी खटकतं, ओठ माणसाचे नसतात. खर्च पिक्चरच्या मानाने किरकोळ. वितरकाला फक्त कळायला हवं की मराठी आवृत्ती लावणारी थिएटरं आहेत.

मी आमच्या ओळखीच्या मालकांशी बोलतोय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, जिथे जिथे एकपडदा चालू आहे तिथल्या लोकांनी एकत्र पत्र द्यावं: मराठी आवृत्ती द्या, आम्ही दोन रविवार उतरवणार नाही, बाराचा खेळ पक्का. तुमच्या गावी थिएटर चालू असेल तर मालकांच्या कानावर घाला.

शाळामास्तर

धागा आजच वाचला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, गाव खाडीपलीकडे. आमच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुलांनी थिएटर आतून बघितलेलं नाही. मोबाईलवर पिक्चर सगळे बघतात. सगळे मिळून अंधारात बसून एकाच वेळी घाबरणं, हसणं, हे त्यांना माहीतच नाही, आणि शिक्षक म्हणून मला ते मोठं नुकसान वाटतं.

तिकीटघर, शाळांसाठी सकाळचा खेळ ठेवता येतो का? परवानगी कोणाची, आणि तिकिटाचा दर कमी होतो का? आमच्या पालकांना शंभरच्या वर शक्य नाही.

तिकीटघर

गुरुजी, नक्की होतं. वितरकाला आधी विचारावं लागतं, कारण पिक्चर आता डिजिटल किल्लीवर चालतो, केडीएम म्हणतात, ती ठरावीक तारखांपुरतीच उघडते. जास्तीचा खेळ असेल तर तो त्यांना कळवून घ्यायचा. पिक्चर नवा असताना पहिल्या आठवड्यात ते तयार होत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सहसा हो म्हणतात. दरही तेव्हाच खाली येतो.

कराचा एक फायदा झालाय. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर आधी १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. म्हणजे मूळ शंभराचं तिकीट ११२ ला पडायचं ते आता १०५ ला. शाळेसाठी मूळ दर आणखी कमी लावता येतो, थिएटर भरत असेल तर आम्हालाही परवडतं. शिक्षकांना तिकीट लागणार नाही.

मुलांची संख्या आणि इयत्ता कळवा. पहिली-दुसरीची असतील तर वेगळा पिक्चर बघू, पाचवीच्या पुढची असतील तर कुठलाही चालेल.

शाळामास्तर

पाचवी ते सातवी. दोन शेजारच्या शाळा धरल्या तर थिएटर अर्ध्याच्या वर भरेल. खेळ सकाळी किती वाजता ठेवाल? आमची गाडी आठला सुटते, तरीतून आलो तर साडेआठला अलीकडे.

तिकीटघर

साडेनऊला सुरू करतो. मध्यंतर दहा मिनिटांचंच ठेवू, बाराच्या आत पोरं बाहेर, साडेबाराची गाडी आरामात मिळेल. डबे आणले तरी चालतील, आवारात पत्र्याची शेड आहे, पाऊस असला तरी बसता येतं. तारीख मला मेसेज करा, मी वितरकाशी बोलून इथेच कळवतो.

सुरंगी

दादा, आमच्या बाजूच्या शाळांसाठीही असं कोणी करत असेल तर सांगा. गाडीची व्यवस्था आम्ही पालक मिळून करू.